गाडीपाशी बसलेला माणूस

धुळाजीनं गाडी घेतली ती मेंढा घेतात तशी. जालन्यात जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या मैदानात तो त्या पांढऱ्या व्हॅनभोवती तीनदा फिरला, चारी चाकांपाशी वाकून बघितलं, दारावर थाप मारली आणि विकणाऱ्याला विचारलं, "खोड काय हाये?" त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. जनावर विकताना कुणी खोड विचारली, की विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून खरं ते सांगायचं, ही त्यांच्यातली रीत. मारकं असेल तर मारकं, गाभ टाकत असेल तर तसं. धुळाजीनं त्या माणसाला व्हॅनच्या टपावर हात ठेवायला लावला. त्यानं हसत हसत ठेवला. म्हणाला, "बिलकुल खोड न्हाई, काका." झालं, सौदा पक्का. गावातला ट्रॅक्टर चालवून हात बसलेला, तेवढंच; इंजिन सीटखाली असतं हेही धुळाजीला दुसऱ्या दिवशी मी दाखवलं.

मी म्हणजे सर्जेराव. राजूरला माझं छोटं गॅरेज आहे. चतुर्थीला गणपतीला येणाऱ्यांच्या गाड्या बंद पडतात आणि त्यावर माझी चूल पेटते, म्हणून देवाचे उपकार माझ्यावर दुहेरी. लोक मला मिस्तरी म्हणतात आणि माझ्यामागं फटकळ म्हणतात. दोन्ही खरं आहे. ऑइल बदलायचं सोडून गाडीला लिंबू-मिरच्या बांधणाऱ्या माणसाला मी तोंडावर वेडा म्हणतो. धुळाजीलाही पहिल्याच दिवशी म्हणालो.

"धुळाजीभाऊ, मेंढरात जन्म गेला तुमचा. ह्या डब्याच्या नादी कशाला लागले? दोन चाकं दुसऱ्याची, गिअर निसटतो, खालून पत्रा सडलाय. ही गाडी न्हाई, हे मढं हाये."

तो रागावला नाही. माझ्या लाकडी बाकावर बसला, पटका सोडून पुन्हा बांधला आणि सरळ सांगितलं, "शिवकन्याच्या मायला मशिनीवर न्यायचं असतंय. मंगळवारी आन् शुक्रवारी. मला नवी कुठून जमनार?"

शिवकन्याची माय म्हणजे त्याची बायको गोपिकाबाई. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा जालन्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त धुऊन घ्यायचं, चार-चार तास मशीनवर पडायचं, तरच जगायचं. उपचार फुकट होते. सरकारची योजना, सुई-औषधासकट एक पैसा लागत नव्हता. पण हसनाबादहून जालन्याला जायचं कसं आणि यायचं कसं, हे कुठल्याच योजनेत बसत नव्हतं. पहिले दोन महिने ते एसटीनं गेले. जाताना ठीक. येताना तिचा जीव अर्धा झालेला असायचा. एकदा तिला उभ्यानंच चक्कर आली, बसमध्येच उलटी झाली, आणि पुढच्या सीटवरच्या बाईनं तोंडाला पदर लावून जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्या दिवशी धुळाजीनं ठरवलं, की आपली बायको आता लोकांच्या पायात बसून जाणार नाही. भाड्याची जीप करून बघितली. महिन्यात आठ-नऊ फेऱ्या, कोणाला झेपणार? मग साठातल्या वीस मेंढ्या विकून ही व्हॅन आली. मुलगी एकच, शिवकन्या, ती कुंभार पिंपळगावला दिलेली. तिच्या मागं दोन लहान लेकरं, तिला रोज येणं शक्य नाही. म्हणजे काय ते ही दोघं आणि ती व्हॅन.

त्यानं मधली सीट काढून टाकली आणि तिथं आपल्याच मेंढरांच्या लोकरीची जाड घोंगडी अंथरली. गोपिकाबाई जाताना बसून जायची आणि येताना त्या घोंगडीवर आडवी पडून यायची. राजूरला माझ्या गॅरेजपाशी ते थांबायचे, मी रेडिएटरमध्ये पाणी टाकायचो, ती खिडकीतून बोलायची. बोलायला भारी गोड बाई. व्हॅनला ती सवत म्हणायची. "भाऊ, ह्या सवतीला माझ्यापेक्षा जास्ती खायला लागतंय. मला तर डागदरनं पानी बी मोजून प्या म्हनलंय, अन् ही बघा, घागर घागर पिऊन राह्यली." मी हसायचो. धुळाजी हसायचा नाही, तो चाकांकडं बघायचा.

गरिबाच्या गाडीचं एक असतं. ती एकदम मरत नाही, थोडी थोडी मरते, आणि प्रत्येक वेळी मालकाला आशा दाखवते. दिवाळीत तिचा रेडिएटर गेला. नंतर मागचा टायर फाटला. मग क्लच प्लेट, आणि पेट्रोल तर दर आठवड्याला. प्रत्येक वेळी धुळाजी बाजाराच्या दिवशी एक मेंढी घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं यायचा. मी चेष्टा करायचो, "ह्या वेळी कोनती, भाऊ?" तो खरंच सांगायचा, "पांढऱ्या कानाची." त्याच्या लेखी ती सगळी नावाची माणसं होती. मला आज त्या चेष्टेची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. दिवसात दहा गाड्या खाली झोपून बघणाऱ्या माणसाला प्रत्येक गाडीमागचं घर दिसत नाही, आणि दिसायला लागलं तर त्याचा धंदा चालत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला सेल्फ गेला. किल्ली फिरवली तरी गाडी नुसती टकटक करायची. नवा सेल्फ म्हणजे दोन मेंढ्या. त्याऐवजी धुळाजीनं मेंढपाळाचा मार्ग काढला, तो म्हणजे उतार. गाडी कायम उतारावर लावायची, चाकाखाली दगड ठेवायचा, निघताना दगड काढायचा, गाडी आपोआप पळायला लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. हसनाबाद ते जालना, कुठं किती उतार आहे हे त्याला पाठ झालं. चहाला तो हॉटेल बघून थांबायचा नाही, उतार बघून थांबायचा. माझ्या गॅरेजसमोरचा रस्ता सपाट, म्हणून तो इंजिन बंदच करायचा नाही, आणि मी ओरडायचो, "तेल जाळायला पैसे हायेत का तुमच्याकडं?"

होळीच्या दरम्यान हँडब्रेकची केबल तुटली. आता गाडी फक्त दगडाच्या भरवशावर उभी. गिअर टाकून ठेवावा तर तो निसटायचा, हे मी आधीच सांगितलंय. दवाखान्याच्या फाटकापाशी थोडा उतार होता, तिथं तो लावायचा. एका शुक्रवारी तो गोपिकाबाईला धरून आत घेऊन गेला आणि इकडं दगड सरकला. व्हॅन आपली आपण निघाली आणि उभ्या मोटरसायकलवर गेली. माणूस कुणी लागला नाही, हे नशीब. मोटरसायकलवाल्यानं शिव्या दिल्या आणि भरपाई घेतली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ताकीद दिली, की यापुढं गाडीपाशी माणूस बसल्याशिवाय ही व्हॅन इथं लागणार नाही. त्याचंही चुकलं नाही. रोग्यांच्या रस्त्यात सुटी गाडी कोण ठेवू देईल?

त्या दिवसापासून धुळाजीनं दवाखान्याची पायरी चढली नाही. फाटकातून गोपिकाबाई एकटी आत जायची, भिंत धरून धरून. येताना आतली एखादी मावशी तिला फाटकापर्यंत सोडायची. आणि तो चार-पाच तास व्हॅनच्या मागच्या चाकापाशी, दगडाशेजारी बसून राहायचा. मेंढरं राखायची सवय, बसायचा कंटाळा त्याला नव्हता. डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट काय आला, वजन किती वाढलं, हे सगळं आता त्याला गोपिकाबाईच सांगायची. त्याला वाचता येत नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली, कागद तिच्याच पिशवीत आणि मोबाइलही तिच्याचकडं.

ज्येष्ठातली गोष्ट. गाडी बेअरिंग बदलायला आली होती. धुळाजी पलीकडं पाणी आणायला गेला तेव्हा गोपिकाबाईनं मला खिडकीतून विचारलं, "भाऊ, गाडी आठवड्यातून एकदाच पळाली तर जास्ती दिवस टिकंल का?"

मी बेअरिंगला हातोडी मारत होतो. मान वर न करता शहाणपण सांगितलं. "टिकंल की, वहिनी. निम्मी पळाली तर निम्मी झिजंल. साधा हिशोब हाये."

"निम्मा खर्चा, म्हना."

"बराबर."

पुढच्या आठवड्यात धुळाजी माझ्याकडं एकटाच आला, आणि हातात पेढ्यांचा पुडा. गणपतीला पेढे ठेवून आला होता. त्याचा चेहरा मी इतका मोकळा त्याआधी कधी बघितला नव्हता. "मिस्तरी, गुण आला. डागदर म्हनले, आता आठवड्यातून एकदाच आनलं तरी चालंल. फकस्त मंगळवारी. शुक्रवार सुटला." त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात पेढा घातला. मी त्याला मिठी मारली, ग्रीसच्या हातांनी. त्याचा सदरा काळा झाला आणि आम्ही दोघं त्यावर हसलो.

डॉक्टर असं काही म्हणालेच नव्हते. ते गोपिकाबाईनं आपल्या मनानं ठरवलं होतं. आत सिस्टरला ती सांगायची, गाडी मिळत नाही, शुक्रवारी येता येत नाही. सिस्टरनं फोन केला तर ती मेंढरांच्या वाड्यामागं जाऊन उचलायची आणि येते, येते म्हणायची. हे सगळं आम्हाला कळलं तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता.

मधले महिने धुळाजी खूश होता. राहिलेल्या बावीस मेंढ्या घेऊन तो शुक्रवारी रानात जाऊ लागला, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचं जुनं काम त्यानं थोडं थोडं सुरू केलं. गोपिकाबाई मात्र सुजत चालली. पाय सुजले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या. रात्री तिला आडवं पडून दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसून झोपायची. धुळाजीनं विचारलं तर म्हणायची, "औषिधाची गर्मी हाये." मलाही तिचे पाय दिसले होते. चप्पल जात नव्हती, ती अनवाणी बसली होती व्हॅनमध्ये. मी बघितलं आणि मनात म्हणालो, बसून बसून सुजले असतील. गाडीच्या आवाजावरून आत काय बिघडलंय ते सांगणारा मी, पण समोरच्या बाईचं शरीर ओरडून सांगत होतं ते मला ऐकू आलं नाही.

श्रावणात एका सोमवारी धुळाजी ऑइल बदलायला आला. इंजिन बंद करावं लागणार म्हणून त्यानं गाडी गॅरेजच्या बाजूच्या उतारावर लावली. मी व्हॅनखाली जायला वाकलो आणि दगड चिखलात घसरला. व्हॅन हातभर पुढं आली आणि माझ्या पान्यांच्या पेटीवर चढली. मी खाली झोपलेला असतो तर हा मजकूर कुणी लिहिला नसता. माझं डोकं फिरलं. मी धुळाजीला नको नको ते बोललो. "स्वतः मराल आन् दुसऱ्याला बी माराल. चाला बाजूला!" त्याच रागात मी एका मोडीत काढलेल्या व्हॅनचा सेल्फ आणि हँडब्रेकची केबल काढली आणि त्याच्या गाडीला बसवली. तो सारखा म्हणत होता, "आता न्हाई जमनार हो, पुढच्या बाजाराला बघू." मी म्हणालो, "पैसे मागितले का कुनी? गप बसा." पोरासारखा गप बसला. काम झाल्यावर त्यानं हँडब्रेक तीन-चारदा ओढून बघितला आणि किल्ली फिरवली. गाडी जागेवरच चालू झाली तेव्हा माझ्याकडं बघून हसला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दवाखान्याच्या फाटकापाशी सपाट जागा बघून त्यानं गाडी लावली, हँडब्रेक ओढला, पहारेकऱ्याला दाखवला आणि कित्येक महिन्यांनी गोपिकाबाईला हाताला धरून आत निघाला. तिनं त्याला पायरीवरच अडवलं म्हणे. "तुमी कशाला येऊन राह्यले? बसा गाडीपाशी." तो म्हणाला, "आता गाडीला माझी गरज न्हाई." आपण मोठी गंमत केली असं त्याला वाटत होतं.

आत सिस्टरनं तिचं वजन केलं आणि वजनाचा आकडा बघून कपाळाला हात लावला. मग धुळाजीकडं वळली. "तुम्ही मालक का यांचे? कुठं होता एवढे दिवस? आठवड्यातून दोनदा आणा म्हणून शंभरदा सांगितलं. अडीच महिने एकेकच फेरी. छातीत पाणी झालंय यांच्या. हृदयावर ताण आलाय. माणूस मारायचंय का तुम्हाला?"

धुळाजी म्हणाला, "तुमीच म्हनले ना बाई, एकदाच आना."

"कोण म्हणालं?"

त्यानं गोपिकाबाईकडं बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा आपलंच तोंड भिंतीकडं फिरवून दाखवलं.

परतताना त्यानं राजूरच्या अलीकडं, एका सपाट जागी गाडी थांबवली. मागं जाऊन तिच्याशेजारी घोंगडीवर बसला. "का गं असं केलं?" एवढंच विचारलं. ती उठून बसली. मग म्हणाली, "बावीसच राह्यल्या होत्या. ह्या गाडीनं त्या बी खाल्ल्या असत्या. मी तर जानारच हाये, आज न्हाई तं उद्या. मंग तुमी काय राखनार? ही व्हॅन?"

तो म्हणाला, "मी मेंढरं तुझ्यासाठीच राखत व्हतो की."

यावर ती रडली. तोपर्यंत रडली नव्हती.

त्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार पुन्हा सुरू झाले. धुळाजी आता मशीनशेजारी स्टुलावर बसायचा, नळीतून जाणारं तिचं रक्त बघायचा. सिस्टरला सतरा प्रश्न विचारायचा. मीठ किती, पाणी किती, केळं चालतं का. व्हॅन एकदाही बंद पडली नाही. मी दर फेरीला बघत होतो तिच्याकडं, जणू ती चालली तर बाई जगेल. पण शरीर काही व्हॅन नाही, जुना भाग काढून दुसरा बसवायला. सातव्या फेरीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, भिंतीला टेकून बसल्या बसल्या गोपिकाबाई गेली. शेजारी चहाची अर्धी कपबशी होती. धुळाजी मेंढ्या सोडायला गेला होता, दहा मिनिटांत परत आला, तेवढ्यात.

मी मातीला गेलो. शिवकन्या कुंभार पिंपळगावहून आली ती थेट आईच्या अंगावर पडली. धुळाजी बाजूला उभा होता, कोरडा. लोक म्हणाले, धक्का बसलाय.

तेराव्यानंतर तीन-चार दिवसांनी तो गॅरेजवर आला. व्हॅन धुतलेली, स्वच्छ. ती विकायची म्हणाला, गिऱ्हाईक बघा. मी बघतो म्हणालो. मग तो बाकावर बसला, खिशातून नोटा काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या.

"कशाचे?"

"त्या सेल्फचे आन् केबलचे. तुमी घेतले न्हाईत, पन मला तिच्या मागं कुनाचं ठेवायचं न्हाई."

मी त्याचा हात मागं सारला. म्हणालो, "भाऊ, ते जुनं सामान व्हतं. मोडीतलं. नुसतं पडून व्हतं माझ्याकडं."

त्यानं नोटा घडी करून परत खिशात ठेवल्या. आता उठेल असं मला वाटलं. पण त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "कवापासून पडून व्हतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. गेल्या आठवड्यातच मोडीची गाडी आली म्हणालो असतो तर त्यानं मान हलवली असती आणि निघून गेला असता. पण त्या माणसाशी आणखी कुणी खोटं बोलावं असं मला वाटेना.

"माघापासून," मी म्हणालो. "ती मोडीची व्हॅन माघातच घेतल्ती मी."

"म्हंजे माझी केबल तुटली त्याच्या आधी."

"हो."

"बसवायला किती वेळ लागला तुमाला, त्या दिवशी?"

"दोन तास."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. होळीपासून ज्येष्ठ असावं, नाहीतर ज्येष्ठापासून श्रावण. मग आवाज न चढवता, पाऊस लांबला म्हणून सांगावं तसं म्हणाला, "मंग होळीलाच बसवली असती, तं मी तवापासूनच आत गेलो असतो, मिस्तरी. माझ्यासमोर तिला खोटं बोलता आलं नसतं."

त्यानं मला शिवी दिली असती तर मी खाली मान घालून घेतली असती. त्यानं दिली नाही. हसनाबादच्या जीपची वेळ झाली म्हणून उठला. किल्ली माझ्या हातात देऊन पायी स्टँडकडं गेला.